पश्चिमेस पार्टिशन, त्यापलीकडे उद्या

मी, खाली सही करणारी, नकाशे चिकटवणाऱ्यांच्या घरातली धाकटी मुलगी, जिला गल्लीत सगळे नकाशेवाली मावशी म्हणतात (आणि पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे), वय सत्तरीच्या पुढे, अविवाहित, धंदा भिंतीवरचे नकाशे कापडावर चिकटवून देणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, राजीखुशीनं लिहून ठेवते. दडपण आणायला माझ्या बाजूला दुसरं माणूसच नाही. पार्टिशनपलीकडे एक आहे, पण तिचं दडपण मी इतकी वर्षं मानलं नाही, ते आता काय मानणार?

माझं मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देणारे आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारे भाडेकरू आहेत. ते दातांचे डॉक्टर आहेत. "दातांचे डॉक्टर चालतील का पण?" असं वकीलबाईंनी विचारलं. मी म्हटलं, दात आणि मेंदू एकाच डोक्यात असतात, त्यांची जाता-येता गाठ पडतच असेल. डॉक्टरांनी माझं तोंड उघडून नीट तपासलं आणि लिहून दिलं, "खालची उजवी दाढ हलते. मन हलत नाही."

आज गुरुवार आहे. वकीलबाईंच्या मते शुक्रवार आहे. खुलासा पुढे येईल, वाचणाऱ्यानं घाई करू नये.

कलम १. हे मृत्युपत्र आत्ताच का, ते.

आमच्या बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. "तुम्ही दोघीच तर आहात, भांडाल कशाला?" असं म्हणून ते निघून गेले. फार भाबडा माणूस. ते गेल्यावर मी आणि माझी थोरली बहीण, जिला यापुढे फक्त 'ताई' म्हटलं जाईल कारण दुसरं काही म्हणायचं धाडस मला अजूनही होत नाही, अशा आम्ही दोघींनी घराच्या मधोमध लाकडी पार्टिशन घातलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ताई आणि मी बोलत नाही. आम्ही फक्त स्वतःशी मोठ्यानं बोलतो, आणि पार्टिशन पातळ आहे.

आता झालंय असं, की ताईचे गुडघे गेले. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मोठ्या शहरात बाराव्या मजल्यावर राहतो. तिथे लिफ्ट आहे. तो तिला कायमचं तिकडे न्यायला उद्या गाडी घेऊन येतोय. ताईची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. मला हे कोणी सांगितलं नाही. काल दुपारी पलीकडून आवाज आला, "गरम शाल घेऊ की नको? बाराव्या मजल्यावर वारा असेल." हे ती स्वतःशी बोलली. मग बॅगची चेन ओढल्याचा आवाज आला. तो ऐकून मला जेवण गेलं नाही.

ताईनं जाऊ नये असं माझं म्हणणं आहे. ते तोंडानं सांगायची सोय नाही, म्हणून कायद्यानं सांगते आहे.

कलम २. स्थावर.

सदर घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग माझा आहे. त्याची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस रस्ता व कुलपांचं दुकान. उत्तरेस शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची भिंत, तिचा पोपडा सुटलाय, तो त्यानं स्वखर्चानं लावायचा आहे, मी मेले तरी लावायचा आहे. दक्षिणेस बोळ. पश्चिमेस पार्टिशन, त्यापलीकडे उद्या.

इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "उद्या म्हणजे?"

"उद्या म्हणजे उद्या. शुक्रवार."

"मावशी, चतुःसीमेत वार लिहीत नाहीत हो."

"मग तुम्ही आजवर साध्याच घरांची मृत्युपत्रं केली असतील," मी म्हटलं.

माझ्या बाजूच्या खोल्या पुढीलप्रमाणे. रस्त्याकडची मोठी खोली, जिच्यात चिकटवायचं टेबल आहे, ती टोंगा. महासागरातल्या त्या बेटांवर अजून राजा आहे, आणि या खोलीत माझंच राज्य चालतं. मधली झोपायची खोली सामोआ. माळा म्हणजे तोकेलाऊ, कारण खऱ्या तोकेलाऊला विमानतळच नाही, बोटीनं जावं लागतं, आणि माळ्यावरसुद्धा शिडी लावल्याशिवाय जाता येत नाही. बाथरूम निउए: एकुलता एक खडक, आजूबाजूला पाणीच पाणी. मागची अडगळीची खोली पिटकेर्न. तिथे मुळातच वस्ती थोडी आणि कोणाचं येणंजाणं नाही. आमच्या पिटकेर्नमध्ये झुरळं धरली तर वस्ती बरी आहे.

सामोआत भिंतीला लागून एक जुनं कपाट आहे. ते माझ्या हद्दीत आहे, पण मालकी ताईची आहे आणि किल्लीही तिच्याकडे आहे. त्याला मी अमेरिकन सामोआ म्हणते. महासागरात अशी पुष्कळ बेटं आहेत, की जी स्वतःच्या जागी सुखानं बसलेली असतात आणि मालक असतो हजारो मैल लांब. त्यांना देश म्हणत नाहीत, प्रदेश म्हणतात. ताईच्या बाजूलाही माझी एक लोखंडी घडीची खुर्ची आहे. ती माझं ग्वाम. ती खुर्ची मी कधीही सोडलेली नाही, याची इथे लेखी नोंद असावी. ताई तिच्यावर बसते हे मला किरकिर ऐकून कळतं.

कलम ३. ही नावं आणि हा वार कुठून आले, ते.

वकीलबाई म्हणाल्या, हे कलम गाळलं तरी चालेल. मला चालणार नाही.

जगाचा मोठा नकाशा पूर्वी दोन पानांत छापून यायचा, डावं पान आणि उजवं पान. आमचं काम असं: टेबलावर मांजरपाट ताणायचा, त्याला मैद्याची खळ लावायची (खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर कसर सगळा युरोप खाऊन टाकते), आधी एक पान, मग त्याला अगदी खेटून दुसरं पान, वर रोलर, वॉर्निश, वरखाली लाकडी दांडे, दोन पितळी कड्या. डाव्या पानाची मी, उजव्या पानाची ताई. रोलर मधून कडेकडे फिरवायचा, म्हणजे हवेचे फुगे निघून जातात. जमिनीवर फुगा राहिला तर डोंगर म्हणून खपतो. महासागरात मात्र लपत नाही, नवं बेट उगवल्यासारखं दिसतं, आणि पोरं त्याला नाव विचारतात.

एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापकांना नकाशा घाईनं हवा होता. आम्ही दोघींनी घाईघाईत चिकटवला, वॉर्निश केलं, वाळायला टांगला. सकाळी बघतो तर काय? उजवं पान डावीकडे आणि डावं पान उजवीकडे! युरोप आणि आफ्रिका मधोमध चिरून दोन टोकांना गेलेले, जसं काही एका चादरीत दोघांनी मध्ये जागा सोडून झोपावं. आणि मध्ये काय? मध्ये सगळा महासागर. अख्खा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत निळाच निळा.

हे पान उलटं ताईनं लावलं. मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहिते. ताईनं लावलं.

पण मी त्या नकाशासमोर उभी राहिले ती उभीच. नेहमीच्या नकाशात ती बेटं कापलेल्या नखांसारखी दोन्ही कडांना पडलेली असतात. थोडी डाव्या कडेला, थोडी उजव्या. मी जन्मभर समजत होते की फिजी आणि सामोआ म्हणजे जगाची दोन टोकं. आणि इथे बघते तर शेजारी! तुवालू, टोंगा, वालिस आणि फुतुना, कुक बेटं, सगळी एकाच अंगणात असल्यासारखी. आणि किरिबाती नावाचा तो देश, ज्याची काही बेटं एका पानावर, काही दुसऱ्या पानावर, तो बिचारा पहिल्यांदाच एकत्र आला होता. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही यायला लागलं. मी म्हटलं, "ताई, हा असाच राहू दे."

ताई म्हणाली, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मुख्याध्यापक काय म्हणतील? पोरं काय निळा कागद वाचणार?"

"काय वाईट आहे? एवढं पाणी आहेच ना जगात."

"आहे ना. म्हणूनच ते कडेला ठेवतात."

आणि तिनं पातं घेऊन जोडावर सरळ वरपासून खालपर्यंत चीर दिली. किरिबातीचे पुन्हा दोन तुकडे. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. डावं पान मी उचललं, उजवं तिनं. बाबा असेपर्यंत एका घरात राहिलो आणि "तिला सांगा मीठ द्यायला" असं बाबांच्या तोंडून चाललं. बाबा गेले, आणि मीठ मागायला माणूस उरलं नाही, म्हणून पार्टिशन घातलं. नेमकं जोड होता तसं. उजव्या पानाची ताई पश्चिमेला, डाव्या पानाची मी पूर्वेला.

आता वाराचं. पृथ्वी गोल असल्यामुळे तारीख कुठेतरी बदलावीच लागते. गजबजलेल्या जमिनीवर बदलली तर लोक एकमेकांची डोकी फोडतील, म्हणून शहाण्यांनी ती रेघ महासागरातून नेली, जिथे माणसं कमी. कमी म्हणजे नाहीत असं नव्हे, पण शहाण्यांना हे सुचलं नाही. रेघेच्या पश्चिमेला आज असेल तर पूर्वेला अजून काल. पार्टिशन पुरं झालं त्या सकाळी ताई पलीकडून मोठ्यानं म्हणाली, "चला, आज शुक्रवार, पहिला दिवस शांततेत." आणि मी इकडून म्हटलं, "आज गुरुवार. रेघेच्या अलीकडे गुरुवारच असतो."

एकदा म्हटलं ते म्हटलं. मी काही शब्द फिरवणाऱ्यांतली नाही. तेव्हापासून माझ्या बाजूला एक दिवस मागे असतं. बँकेत, बाजारात थोडी पंचाईत होते. दातांच्या डॉक्टरांकडे मी दर वेळी एक दिवस उशिरा जाते, पण ते घरचेच आहेत, चालवून घेतात. भाच्याला मात्र लहानपणी फार फायदा झाला. एकच पोरगं असं होतं ज्याचा वाढदिवस ताईकडे झाला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पुन्हा व्हायचा, आणि रविवार संपला की पार्टिशनखालून सरपटत अलीकडे यायचं आणि म्हणायचं, "मावशी, इथे अजून रविवार आहे ना? मग मी शाळेत जात नाही." नाही म्हणायला मला जड जायचं.

धंद्याचेही दोन भाग झाले. माझ्या दारावर पाटी, 'डावं जग इथे मिळेल'. मागच्या गल्लीत ताईच्या दारावर, 'उजवं जग इथे मिळेल'. शाळेच्या शिपायाला अर्धं जग इथून घेऊन वळसा घालून तिकडे जावं लागे. एका शाळेनं खर्च वाचवायला नुसतं उजवंच नेलं. तिथली पोरं अमेरिका शिकलीच नाहीत. त्याचं खापर कोणी माझ्यावर फोडू नये.

कलम ४. किरिबाती, म्हणजे स्वयंपाकघरातलं सिंक.

पार्टिशन घालताना सुताराच्या लक्षात आलं की सिंक बरोबर मध्ये येतंय आणि नळ एकच आहे. "काय करू?" असं त्यानं दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघींनीही "ते तिला विचार" असं सांगितलं. शेवटी त्यानं सिंकावर पार्टिशन घातलंच नाही, कमरेपासून वर तेवढी खिडकी सोडली आणि पैसे घेऊन पळाला. ते सिंक दोन्ही दिवसांत आहे. खऱ्या किरिबातीचंही असंच होतं. देश एक, पण अर्ध्यात सोमवार आणि अर्ध्यात मंगळवार. सरकारी कचेऱ्यांना एकमेकांशी बोलायला आठवड्यातले चारच दिवस मिळायचे. मग त्यांनी कंटाळून ती रेघच वळवली आणि सगळा देश एका दिवसात आणला.

ही बातमी पेपरात आली तेव्हा ताई पलीकडून स्वतःशी म्हणाली, "किरिबातीनं अक्कल दाखवली. आता सिंक पूर्ण माझ्या दिवसात."

मी स्वतःशी म्हटलं, "सिंक घ्या. भांडी कोण घासणार तेही घ्या."

त्यानंतर हा विषय निघाला नाही.

पेपर ताई घेते. ती तिच्या सकाळी वाचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिंकावरच्या खिडकीतून अलीकडे ठेवते. लोकांना वाटतं मी शिळा पेपर वाचते. अजिबात नाही. माझ्या तारखेला तो अगदी ताजा असतो. शब्दकोडं ती फक्त उजवीकडचं सोडवते. डावी बाजू कोरी सोडते. इतक्या वर्षांत एकदाही तिनं डावीकडे पेन्सिल टेकवलेली नाही. सांगितलंय कोणी तिला असं? कोणीही नाही.

ताई बाराव्या मजल्यावर गेली तर मला उद्या काय झालं ते कोण सांगणार?

कलम ५. हत्यारं.

रोलर, दोन्ही ब्रश, खळीचं पातेलं आणि सुरकुत्या काढायची लाकडी पट्टी माझ्या भाच्याला. तो संगणकावर काम करतो, त्याला यातलं काही लागणार नाही, म्हणून नीट सांभाळेल. फुगे टोचायची बारीक सुई दातांच्या डॉक्टरांना. त्यांना ती आवडली होती. खळीच्या पातेल्यात कोणी खायचं काही शिजवू नये, मोरचुदाची चव पाणी उकळूनही जात नाही. हे मला कसं माहीत ते विचारू नये.

कलम ६. जुने हिशेब.

कुलपांच्या दुकानदाराला मी क्षमा करते. कशाबद्दल ते त्याला माहीत आहे. माहीत नसेल तर क्षमा मागे घेते.

शिलाई मशीनवाल्याला पोपडा दुरुस्त होईपर्यंत क्षमा नाही.

त्या मुख्याध्यापकांना, जे आता हयात नाहीत, एवढंच सांगायचं आहे की नकाशा उलटा नव्हता. तुमची भिंत उलटी होती.

कलम ७. भाच्यास.

बाळा, तू चांगला मुलगा आहेस. आईला नेतोस हे प्रेमानं नेतोस, मला कळतं. पण तुझ्या बाराव्या मजल्यावर एकच वार असतो रे. तुझ्या आईला सकाळी उठून "आज शुक्रवार" असं कोणाला तरी ऐकवायची सवय आहे, आणि कोणीतरी "गुरुवार" म्हटल्याशिवाय तिचा चहा उकळत नाही. तिथे ती म्हणेल आज शुक्रवार, आणि सगळे म्हणतील हो. चार दिवसांत माणूस वाळून जाईल. विमान फिजीहून सामोआला दोनेक तासांत जायचं आणि एक दिवस आधी उतरायचं, हे मी तुला लहानपणी सांगितलं होतं तेव्हा तू विचारलं होतंस, "मग ते लोक भांडतात का?" तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आता देते. भांडत असतील, पण खिडकीत एकमेकांची वाट बघत असतील.

हे वाचून रडू नकोस. मी अजून मेलेले नाही, समोर बसून मजकूर सांगते आहे, आणि वकीलबाई नाक पुसताहेत.

कलम ८. ताईस.

माझा घराचा सदर अर्धा भाग, टोंगा, सामोआ, तोकेलाऊ, निउए आणि झुरळांसह पिटकेर्न, तसंच ते डावं पान, जे मी टोंगाच्या भिंतीवर अजून टांगून ठेवलं आहे, हे सगळं माझ्या पश्चात माझ्या ताईला मिळावं. अट एकच. तिनं या घरात राहिलं पाहिजे. गुडघ्यांसाठी लिफ्ट नाही, पण जिनाही नाही. जिना फक्त डॉक्टरांना चढावा लागतो.

ताई निघून गेली तर माझा भाग दातांच्या डॉक्टरांना द्यावा आणि त्यांनी दात कोरायचं यंत्र बरोब्बर पार्टिशनला लावून बसवावं. म्हणजे तिला दिवसभर घुर्रर्र ऐकू येईल.

वकीलबाई म्हणाल्या, "पण मावशी, त्या गेल्यावर त्यांना ऐकू कसं येणार?"

"तेच तर म्हणते ना मी," मी म्हटलं. "ती नसेल तर काहीही करा. कशालाच अर्थ नाही."

पार्टिशनपलीकडे माझी लोखंडी खुर्ची किरकिरली. मग कोणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं.

कलम ९. साक्षीदार.

साक्षीदार क्रमांक दोन, दातांचे डॉक्टर (सही केल्यावर त्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही म्हणे, म्हणून सुई आत्ताच त्यांच्या हातात दिली; घर त्यांना नकोच आहे). क्रमांक एकची जागा मोकळी ठेवली आहे. वकीलबाई म्हणतात त्यांचा कारकून सही करेल. मी म्हटलं, थांबा जरा. त्या म्हणाल्या, ताईंची वाट बघत असाल तर तसं चालणार नाही, कारण ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, नाहीतर त्याचं मिळणं बाद होतं. घर घ्यायचं की सही करायची, एकच. हे त्यांनी जरा मोठ्या आवाजात सांगितलं. मी सांगायला सांगितलं होतं.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी स्वहस्ते लिहिलेली.

वरचा मजकूर पुरा करून आम्ही सिंकाजवळच्या टेबलावर सह्यांना बसलो, मी, वकीलबाई, त्यांचा कारकून आणि डॉक्टर. कारकुनानं पेनचं टोपण काढलं, एवढ्यात दारावर थाप पडली. पार्टिशनच्या नव्हे, रस्त्याच्या दारावर. ताई पूर्ण वळसा घालून आली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी, मागच्या गल्लीतून, बोळातून, कुलपांच्या दुकानावरून. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ती भरलेली बॅग.

मला वाटलं, निघालीच ही, निरोप घ्यायला आली.

"कुठे करायची सही?" ताईनं वकीलबाईंना विचारलं.

"तुम्ही सही केलीत तर तुम्हाला घर मिळणार नाही हं. कलम आठ बाद होईल."

"होऊ दे बाद. मला तिचं काही नको. झुरळं तर मुळीच नकोत. पण त्या कारकुनानं सही केली तर ही मला जन्मभर ऐकवेल."

"कोणाच्या जन्मभर?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना दोघींनी एकदमच गप्प केलं.

मग ताईनं बॅग टेबलावर ठेवली आणि उघडली. वर गरम शाल होती. शालीखाली गुंडाळी. मी ती बघितल्याबरोबर ओळखली, कापड आमच्याच मांजरपाटाचं. उजवं पान! बाराव्या मजल्यावर ते घेऊन निघाली होती बाई, आणि मला वाटत होतं तिनं त्याचं कधीच पोतेरं केलं असेल.

मी टोंगाच्या भिंतीवरून डावं पान काढून आणलं. ताईनं टेबलावरच्या कपबशा सरकवल्या. आणि कोणी काही सांगायच्या आत तिनं स्वतःच्या हातानं उजवं पान डावीकडे ठेवलं. मी डावं उजवीकडे ठेवलं. किरिबाती जागच्या जागी बसला.

"खळ आहे का?" तिनं विचारलं. मला विचारलं. तो नकाशा चिरल्यापासूनचं पहिलं वाक्य ते हे.

"आहे," मी म्हटलं. "पण तुझा हात कोपऱ्यांना हलका असतो, तिथे मी लावते."

"तुझाच हात हलका. म्हणून तर फुगे राहायचे."

चिकटवला. सामोआच्या थोडा वर एक फुगा राहिलाच. मी डॉक्टरांकडे सुई मागितली, तर ताई म्हणाली, "राहू दे. भाच्याच्या नावानं सोड. दोन वाढदिवस खाल्लेत त्यानं, एक बेट त्यालाही असू दे." तिचाच मुलगा, पण त्याला 'भाचा' म्हणाली, म्हणजे माझ्या बाजूनं बोलली. मी खळीचं पातेलं उगाचच ढवळत राहिले.

कलम आठ बाद झाल्यामुळे माझा भाग आता भाच्याला. अट: आम्ही दोघी हयात असेपर्यंत त्यानं हे घर विकायचं नाही, कोणालाही बाराव्या मजल्यावर न्यायचं नाही, आणि उद्या गाडी घेऊन येतोच आहे तर सोबत सुतारही आणायचा. पार्टिशनमध्ये दार करायचं आहे. पार्टिशन काढायचं नाही. नुसतं दार.

मग सह्या. खऱ्या सामोआनं काही वर्षांपूर्वी रेघ ओलांडली, तेव्हा त्यांनी एक अख्खा शुक्रवार सोडून दिला. गुरुवारी झोपले आणि शनिवारी उठले. मी मनात म्हटलं, एवढा देश एक दिवस सोडतो, तर मला एक गुरुवार सोडायला काय धाड भरली? ताई एवढा वळसा घालून आली. तिच्यासाठी मी तिची तारीख लिहिली. मग कागद तिच्याकडे सरकवला. तिनं माझ्या तारखेकडे बघितलंच नाही, चष्मा नव्हता तिच्याकडे. तिनं आपली सही केली आणि खाली तारीख घातली.

वकीलबाईंनी कागद उचलला आणि कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत हे! तुम्ही त्यांची तारीख घातलीत, आणि यांनी तुमची! साक्षीदाराची सही मृत्युपत्राच्या आदल्या दिवशी झाली असं दिसतंय. सगळं उलटं झालं. पुन्हा लिहा."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे बघितलं.

"असंच राहू दे," ताई म्हणाली.

स्थळ : किरिबाती (सिंकाजवळचं टेबल)

मृत्युपत्र करणारी : धाकटी
शुक्रवार, १६ मे २०२५

साक्षीदार क्रमांक १ : ताई
गुरुवार, १५ मे २०२५
साक्षीदाराचा शेरा : चष्मा आणवून वरील सगळं वाचलं. पान उलटं हिनं लावलं होतं. बाकी मजकूर खरा आहे. हा गुरुवार मला दुसऱ्यांदा मिळाला, पहिल्यांदा गुडघ्यामुळे वायाच गेला होता. बॅग रिकामी केली आहे, शाल अमेरिकन सामोआत ठेवली आहे.

साक्षीदार क्रमांक २ : वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर
साक्षीदाराचा शेरा : दोघींनी माझ्यासमोर, एकाच टेबलावर, एकाच पेनानं आणि एकाच वेळी सह्या केल्या, हे मी शपथेवर सांगतो. तारखेची जागा कोरी सोडत आहे. दोघी अजून त्यावर भांडत आहेत, आणि मला वर जायची घाई नाही.